जुनी पिकअप घेताय? आधी खालून बघा : रायगड किनाऱ्यावरच्या गाड्यांचे नेहमीचे बिघाड आणि दुरुस्तीचा खर्च



एरवी आपण इथे आंब्यावरचे तुडतुडे, सुपारीचा कोळेरोग, पांढऱ्या कांद्यावरचा करपा अशा विषयांवर बोलतो. आज विषय गाडीचा आहे. मी कृषी पदवीधर आहे, मिस्त्री नव्हे. तरी दरवर्षी आंब्याचे पैसे हातात आले की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडून फोन सुरू होतात, "साहेब, एक जुनी पिकअप बघितली आहे, घेऊ का?" फवारणीच्या औषधावर दोन हजार खर्च करताना चार जणांना विचारणारा शेतकरी साडेतीन लाखांच्या गाडीला मात्र रंग बघून इसार देऊन येतो. म्हणून हा लेख.

माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने मार्चमध्ये अशीच गाडी घेतली. इंजिन धुऊन चकचकीत, सीट कव्हर नवीन. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साठ पेट्या आंबा घेऊन वाशीला निघाले आणि वडखळच्या अलीकडे गाडी तापली. हेड गॅस्केट गेलं होतं. दुपारचं ऊन, वर ताडपत्री, आत काढून दोन दिवस झालेला हापूस. दुसरी गाडी मिळून माल हलेपर्यंत संध्याकाळ झाली. हापूस झाडावरून काढला तरी श्वास घेतच असतो आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. हवा खेळती नसली की पेटीच्या मधल्या थरातला आंबा आधी मऊ पडतो. माल दुसऱ्या दिवशी बाजारात उतरला तेव्हा भाव पडलेला, वर डागी मालाची वजावट. गॅस्केटच्या कामाला जेवढे गेले, त्याहून जास्त त्या एका फेरीत गेले.

खाली दिलेले खर्चाचे आकडे अलिबाग, पेण, माणगाव भागातल्या बाहेरच्या गॅरेजमध्ये विचारून काढलेले अंदाज आहेत. ते बोलेरो पिकअपसारख्या दीड टनाच्या आतल्या डिझेल गाडीचे, मजुरी धरून आहेत. छोट्या हत्तीला (टाटा एस) बरेच सुटे भाग स्वस्त पडतात, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आकडा वर जातो. तुमच्या मिस्त्रीकडून खात्री करून घ्याच.

गाडीने आधी काय वाहिलं?

किती किलोमीटर झाले, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा. आपल्या किनाऱ्यावर विकायला येणाऱ्या पिकअप साधारण तीन धंद्यांतून येतात. मासळी, बांधकामाचा माल, आणि भाजीपाला-दूध-किराणा.

मासळीची गाडी सर्वांत वाईट. बर्फ वितळून खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट चासीवर आणि मागच्या पाट्यांवर ठिबकत राहतं. वर्षानुवर्षं. हौद्यात नवा पत्रा ठोकलेला असला तरी खालून बघितलं की आडव्या पट्ट्या खाल्लेल्या दिसतात. वास कितीही घालवला तरी फाळक्याच्या बिजागरीत आणि कोपऱ्यांत राहतो, उन्हात उभी केलेली गाडी दुपारी हुंगून बघा. लाजू नका.

बांधकामाच्या गाडीने जांभा चिरा, रेती, सिमेंट वाहिलेलं असतं, तेही पासिंगच्या वजनाच्या दीडपट-दुप्पट. तिचा गंज कमी, पण पाटे बसलेले, चासीला तडा आणि क्लच संपलेला.

भाजीपाला किंवा किराणा वाहिलेली गाडी मिळाली तर किलोमीटर जास्त असले तरी मी तिच्याकडे आधी बघेन.

आणखी एक सांगतो, हे माझ्या खात्यातलं. खताच्या गोण्या वाहून हौदा न धुणारी गाडीही गंजते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, तेही मीठच. अमोनियम सल्फेट सांडलं आणि ओल लागली की तेही पत्रा खातं. त्यामुळे "शेतकऱ्याची घरची गाडी आहे" एवढ्यावर भुलू नका.

गंज : खरा रोग हाच

खारा वारा गाडी खातो हे सगळे म्हणतात, पण कसा खातो ते समजून घेतलं तर कुठे बघायचं ते आपोआप कळतं. मीठ हवेतली ओल ओढतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण स्वतःच विरघळून पाण्याचा थेंब होतो. आपल्याकडे पावसाळाभर आणि इतर महिन्यांतही कित्येक रात्री आर्द्रता त्याच्या वर असते. म्हणजे रेवदंड्याला किंवा मुरूडला समुद्राजवळ उघड्यावर उभी असलेली गाडी पाऊस नसतानाही रोज रात्री खाऱ्या पाण्याने ओली होते.

पावसाचं पाणी वरचं मीठ धुऊन नेतं. खारजमिनीत जसा पावसाने वरचा थर गोडा होतो पण खाली क्षार तसेच राहतात, तसंच इथे आहे. टप आणि बॉनेट धुतलं जातं. चासीच्या आत, पाट्यांच्या फटीत, हौद्याच्या खालच्या पट्ट्यांवर साचलेला चिखल-मिठाचा लगदा तिथेच राहतो आणि ओल धरून ठेवतो. दिघी-आगरदांडा जंगलजेटीवरून रोज जा-ये करणाऱ्या किंवा खाजणातल्या बांधावरून भरतीच्या पाण्यात घातलेल्या गाड्यांचं तर विचारूच नका.

बघायचं असं. गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावून, सकाळच्या उजेडात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. हातात छोटी हातोडी आणि एक स्क्रू ड्रायव्हर. चासीच्या दोन्ही उभ्या दांड्यांवर पुढून मागपर्यंत हलकेच टकटक करत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बसका, आणि खपल्या पडतात. मागचे पाटे जिथे चासीला अडकवलेले असतात ती जागा, केबिनच्या मागचा आडवा दांडा आणि डिझेल टाकीचे पट्टे या तीन जागा चुकवू नका. खालून जाड काळा रंग ताजा ताजा मारलेला दिसला तर तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. मालकाला राग आला तर येऊ दे.

वरवरचा तांबूस गंज चालतो. घासून, गंजरोधक लावून, खालून कोटिंग मारून घ्यायला ४ ते ७ हजार. हौद्याचा तळ बदलायचा तर १५ ते ३० हजार, पत्र्याच्या जाडीवर. पाटे बसवायच्या ब्रॅकेटची जागा सडली असेल किंवा चासीच्या दांड्यावर वेल्डिंगची पट्टी दिसली, तर माझं मत स्पष्ट आहे. गाडी सोडून द्या. वेल्डिंग आठ-दहा हजारांत होतं, पण भरल्या गाडीचं वजन त्याच जोडावर येतं आणि पुढच्या पासिंगला अडचण येते ती वेगळीच.

ब्रेकच्या लोखंडी नळ्याही बघा. चासीला क्लिपने धरलेल्या ठिकाणी त्या आतून झिजतात आणि नेमक्या उतारावर फुटतात. नळ्या बदलायला दोन-तीन हजार लागतात, जिवाच्या मानाने काहीच नाही.

इंजिन

मालकाला आधी सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर परत संध्याकाळी या. थंड इंजिन खरं बोलतं.

सुरू करण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडा (थंड असतानाच, गरम असताना उघडलं तर तोंड भाजतं). पाण्यावर तेलाचा तवंग, किंवा ऑईलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढुरका लगदा दिसला तर पाणी आणि ऑईल मिसळतंय. हेड गॅस्केट, नाहीतर हेडला तडा. नुसतं गॅस्केट आणि हेड घासून घेणं १० ते १५ हजार. हेडच गेलं असेल तर २५ ते ४० हजारांची तयारी ठेवा. कूलंटऐवजी नुसतं पाणी, तेही विहिरीचं मचूळ, वर्षानुवर्षं घातलेलं असतं. त्याने रेडिएटर आतून आणि खाऱ्या हवेने जाळी बाहेरून, दोन्हीकडून गाडी मार खाते. जाळीला बोट लावलं आणि ती भुकटी होऊन पडली तर नवा रेडिएटर धरा, ६ ते ९ हजार. पाण्याचा पंप २ ते ३ हजार. वडखळच्या त्या फेरीत सुरुवात पंपापासूनच झाली होती. आधीच्या मालकाने गळती बघितली होती आणि रोज पाणी ओतून गाडी चालवली होती.

आता गाडी सुरू करा आणि धूर बघा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन गेला तर ठीक. येतच राहिला आणि पाणी कमी होत असेल तर वर सांगितलेलाच आजार. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, रिंगा किंवा टर्बो. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, तो कधी नुसत्या एअर फिल्टरमुळेही येतो. मग ऑईल भरायचं झाकण सैल करून वर ठेवा. झाकण नाचायला लागलं, धूर भकाभक वर आला तर रिंगा-पिस्टन संपत आले. फुल इंजिन काम ६० ते ९० हजार. इथे पोचलात की गाडीचा भाव नव्याने ठरवायचा किंवा नमस्कार करून निघायचं.

देशभर बीएस-४ नियम १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. जुन्या साध्या पंपाच्या इंजिनाला गावातला मिस्त्री उघडून बसवू शकतो. कॉमन रेल इंजिन असेल तर इंजेक्टर हा खर्चाचा मोठा विषय. नवा एक १२ ते १८ हजार, दुरुस्त केलेला ४ ते ७ हजार, आणि असे चार. त्यांचा शत्रू डिझेलमधलं पाणी. दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आत दव धरतं. मालकाला विचारा, डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी शेवटचं कधी सोडलं? "ते सोडायचं असतं?" असं उत्तर आलं तर समजून घ्या. बीएस-६ गाडीत धूर स्वच्छ करणारी यंत्रणा आणि तिचे सेन्सर असतात. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो की नाही ते बघा. अजिबात लागत नसेल तर बल्ब मुद्दाम काढलेला असू शकतो. स्कॅनर लावून घ्यायला पाचशे-हजार रुपये जातात, ते घालवा.

क्लच, गिअर, मागची हौसिंग

चाचणी रस्ता सपाट नको. अलिबागकडची गाडी असेल तर कार्ले खिंड चढवून आणा, श्रीवर्धनकडची असेल तर म्हसळ्याच्या बाजूचा चढ. शक्य असेल तर मागे पाच-सहा गोण्या वजन टाका. रिकामी पिकअप सगळ्यांचीच छान पळते.

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी ओढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. उभ्या गाडीत हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर प्लेट संपली. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा पूर्ण सेट मजुरीसह ९ ते १३ हजार. एकटी प्लेट बदलून पैसे वाचवू नका, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा पडते.

दुसरा गिअर टाकताना खरखर होते का, चढावर गिअर सुटतो का बघा. गिअरबॉक्सचं काम १२ ते २५ हजार. मागून वेगाप्रमाणे वाढणारा घोंघावणारा आवाज आला तर क्राउन-पिनियन, १५ ते २५ हजार. पुराच्या किंवा भरतीच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत हौसिंगच्या हवा सुटायच्या नळीतून पाणी आत शिरतं. हौसिंगचा नट सैल करून थोडं ऑईल बोटावर घ्या. दुधट दिसलं तर समजा पाणी गेलंय. बदलायचं ऑईल हजार-दीड हजाराचं, पण आत बेअरिंग गंजली असतील तर तो वरचा खर्च.

बाकीचं थोडक्यात

मागच्या पाट्यांत तुटलेला पाटा, ताजी वेल्डिंग, सरकलेला मधला बोल्ट बघा. एक पाटा दीड ते अडीच हजार. गाडीच्या मागे पन्नास पावलांवर उभे राहून ती सरळ चालवायला सांगा. मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत नसतील, गाडी खेकड्यासारखी तिरकी जात असेल, तर चासी वाकलेली आहे किंवा ॲक्सल सरकला आहे. ब्रेक पेडल दाबून मिनिटभर धरा, हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर, दोन ते साडेतीन हजार. चारही चाकांचं ब्रेकचं काम ५ ते ८ हजार. टायर एक ६ ते ७ हजार.

वायरिंग किनाऱ्यावर फार त्रास देतं. बॅटरीची अर्थ केबल चासीला जिथे बसते तिथे हिरवट-पांढरी भुकटी जमते आणि मग दिवे मंद, स्टार्टर जड. मिस्त्री स्टार्टर बदलायला सांगतो, तीन हजार. बहुतेक वेळा अर्थची जागा घासून, ग्रीस लावून शंभर रुपयांत काम होतं.

पुरातून आलेली गाडी

२२ जुलै २०२१ ला महाडमध्ये सावित्रीचं पाणी शिरलं तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या तालुक्यात विकल्या जातात आणि वर्षानुवर्षं बाजारात फिरत राहतात. सीटखालचे रुळ, पट्ट्याची गुंडाळी पूर्ण ओढून तिचं शेवटचं टोक, फ्यूजच्या डब्याचा तळ आणि डॅशबोर्डच्या मागची बाजू टॉर्चने बघा. बारीक सुकलेला गाळ तिथे हमखास सापडतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात झाड पडून टप चेपलेल्या गाड्याही किनाऱ्यावर होत्या. काचेच्या कडेचा रबर आणि दाराची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, एवढं त्यासाठी पुरे.

कागद

मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. पासिंग संपलेली गाडी "करून देतो" या बोलीवर घेऊ नका, आधी करून दे म्हणा. त्याच निमित्ताने बरेच दोष मालकाच्या खर्चाने निघतात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावे करून घ्या. एकूण वजन ३,००० किलोच्या आत पासिंग असलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही, म्हणून आरसीवरचा एकूण वजनाचा रकाना वाचा. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. पण मागे मजूर बसवून नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

हिशेब मांडा

उदाहरण घेऊ. गाडी सांगितली ३ लाख ६० हजारांना. तपासणीत निघालं ते असं : क्लच १० हजार, चार टायर २६ हजार, हौद्याचा तळ २० हजार, बॅटरी साडेसहा, रेडिएटर ७, ब्रेक ६, पासिंगची तयारी ८ हजार. बेरीज ८३ हजार ५००. म्हणजे गाडी ४ लाख ४३ हजार ५०० ला पडते. हा कागद मालकापुढे ठेवा आणि मग बोला.

पण त्याआधी एक कटू प्रश्न. गाडी खरंच हवी का? अलिबागहून वाशी जाऊन-येऊन साधारण १८० किलोमीटर. भाड्याची गाडी फेरीला ४,५०० घेते असं धरू. स्वतःच्या गाडीचं डिझेल १५ लिटर, ९० च्या भावाने १,३५०. दुरुस्तीसाठी किलोमीटरला ३ रुपये बाजूला, ५४०. ड्रायव्हर आणि वाटखर्च ८००. एकूण २,६९०, म्हणजे फेरीमागे वाचले १,८१०. आता विमा, पासिंग, कर मिळून वर्षाला ४० हजार आणि गाडीची किंमत उतरते ती ४० हजार धरली, तर हे ८० हजार भरून निघायला वर्षात ४५ फेऱ्या हव्यात. शंभर कलमांच्या बागेच्या आंब्याला पंधरा-वीस फेऱ्याही होत नाहीत. त्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा, सुपारी, नारळ, खत आणि बाजाराचा भाजीपाला धरला तर कुठे गणित जमतं. एकट्याचं जमत नसेल तर तिघांनी मिळून घ्या, पण फेऱ्या आणि खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. तुमच्याकडचे भाव घालून हीच आकडेमोड घरी करा.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात

इंजिन, गिअरबॉक्स, हौसिंग या तिन्हींचं ऑईल, सगळे फिल्टर आणि कूलंट बदला, आधीच्या मालकाने काहीही सांगितलं तरी. यात ८ ते ११ हजार जातात. चासीची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा. दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने खालून धुवा, पावसाळ्यापेक्षा ऑक्टोबर ते मे या काळात हे जास्त गरजेचं. फवारणीच्या एचटीपी पंपाने हे काम छान होतं, फक्त पंप आणि नळी आधी स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या आणि पाण्याचा झोत वायरिंगवर, चाकाच्या बेअरिंगवर मारू नका. गाडी रात्री उभी करताना टाकी निम्म्याच्या वर ठेवा. आणि मार्चच्या शेवटी, पहिल्या पेट्या भरण्याआधी, एकदा पाण्याचा पंप, पट्टा आणि रेडिएटरच्या नळ्या मिस्त्रीला दाखवून घ्या. या तिन्हींना मिळून चार-पाच हजारांच्या वर लागत नाहीत.